सव्वीस रुमाल आणि निपाणीची पानं

आकाराम दप्तरी घाबरला की त्याचा उजवा कान लाल व्हायचा. पाल दिसली तरी लाल, साहेबाची हाक आली तरी लाल, मैफलीत तंबोऱ्याची तार तुटली तरी लाल. एकोणीसशे एकोणपन्नासच्या उन्हाळ्यापासून आषाढापर्यंत मात्र त्या कानाचा रंग उतरलाच नाही. माझी अवस्था त्याहून बरी होती असं सांगण्याची सोय नाही. रंगमंचावर मी वाघासमोर उभा राहिलोय, नंग्या तलवारीखाली मान दिलीय. पण तो वाघ भुशाचा होता आणि तलवार पत्र्याची.

माझं नाव नृसिंह. तीस वर्षं लुगडं नेसून नायिका केल्या, म्हणून सगळं कोल्हापूर मला आक्का म्हणे. आकारामच्याच घराच्या सोप्यात मी भाड्यानं राहत होतो. त्याची बायको विठाबाई मला जेवायला वाढायची आणि वाढता वाढता नवऱ्याच्या भित्रेपणाच्या गोष्टी सांगायची. तो शेजारी बसून खाली मान घालून ऐकायचा आणि मधेच म्हणायचा, "ती पाल लई मोठी हुती की."

हा माणूस सूरमंदिराचा दप्तरी. सूरमंदिर म्हणजे संस्थानचं गाण्याचं सभागृह. तिथल्या प्रत्येक बैठकीची नोंद वहीत व्हायची. कोण गायलं, कोणता राग, किती वेळ, साथीला कोण, तार कधी तुटली, लोक कधी उठले. ज्या गायिकांना लिहिता येत नव्हतं त्यांचे अंगठे होते. ह्या वह्या झाडायच्या, त्यांना ऊन दाखवायचं आणि तांबड्या खारव्याच्या फडक्यात बांधून ठेवायच्या, हे आकारामचं काम. अशा बांधलेल्या गठ्ठ्याला दप्तरात रुमाल म्हणतात. सूरमंदिराचे सव्वीस रुमाल होते. शेवटची अकरा वर्षं कारकुनाची जागा रिकामी होती, तेव्हा वह्या आकारामनंच आपल्या चौथी पास अक्षरात लिहिल्या होत्या.

मार्चमध्ये संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं. मे महिन्यात ठरलं की सूरमंदिराचं रेशनच्या धान्याचं गोदाम करायचं. नवे साहेब आले. त्यांनी दप्तराच्या खोलीत नाकाला रुमाल लावून एक नजर टाकली आणि म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत हा कचरा मागच्या अंगणात जाळून टाका. पोती यायची आहेत."

त्याच आठवड्यात संस्थानच्या कुठल्या नोकरांना ठेवायचं याची यादी तयार होत होती. आकारामचं नाव तीत होतं, पण पेन्सिलीनं.

तो भर दुपारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कान पेटलेला. "आक्का, तुमची ट्रंक केवढी हाय?"

माझ्या कंपनीचे कपडे सूरमंदिराच्या रंगपटात पडले होते आणि ते हलवण्याची चिठ्ठी माझ्याकडे होती. मला नाही म्हणायचं होतं. देवाशपथ सांगतो, तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याच्या त्या कानाकडं बघून मला वाटलं, हा एवढा घाबरूनही आला आहे, तर मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तीन खेपा झाल्या. खाली वह्या, वर शालू आणि पैठण्या. तिसऱ्या खेपेला दरवाज्यावरच्या नव्या शिपायानं ट्रंक उघडायला लावली. मी झाकण उघडलं, जरीची चोळी उचलून छातीला लावली आणि लाजून विचारलं, "शोभते का हो?" बाजूचे हमाल खो खो हसले. शिपाई म्हणाला, "जावा, जावा, आक्का! भर दुपारचं काय नाटक लावलंय!" मी गेलो. कोपऱ्यावर पोचल्यावर ट्रंक खाली ठेवली आणि तिच्यावरच बसलो.

अंगणात काहीतरी जळायला हवं होतं. आकारामनं फाटकी जाजमं आणि केरसुण्या पेटवल्या. साहेबांनी खिडकीतून धूर बघितला आणि दप्तर नष्ट केल्याच्या कागदावर सही केली. त्या सहीखाली आकारामलाही आपली सही करावी लागली.

तिथून पुढे आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलेना. रुमाल माळ्यावर. दाराची कडी वाजली की आकाराम मागच्या परड्यात, मी आरशासमोर. विठाबाई म्हणायची, "दोघं पुरुष हाईसा म्हणं! दार म्याच उघडायचं व्हय?"

पाऊस तोंडावर आला तशी आकारामला वाळवीची भीती वाटू लागली. सूरमंदिरात तो प्रत्येक वहीत निपाणीच्या कच्च्या तंबाखूची पानं घालायचा. त्याचा गुरू सांगून गेला होता की कडुनिंब आणि वेखंड बाहेरगावी चालतं, आपल्या पावसाला निपाणीचंच पान पाहिजे. संस्थानच्या काळात ती पानं खात्यातून यायची, कुणी काही विचारायचं नाही. आता आकाराम स्वतः निपाणीला गेला, गोणपाटात गाठोडं बांधलं आणि सर्व्हिस मोटारीतून मांडीवर घेऊन आला. मोटारभर लोक शिंकत होते. त्यातल्या कुणी पुढं चुगली केली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आषाढातल्या एका शुक्रवारी, जेवणं उरकत होती, तेव्हा दारात खाकी कपड्यातला माणूस उभा राहिला. मागं दोन शिपाई.

"आकाराम कोण?"

माझ्या हातातला घास ताटात पडला. आकाराम उभा राहिला. उष्ट्या हातानंच त्यानं नमस्कार केला. "म्या, साहेब. चूक झाली. सगळं वर माळ्यावर हाय. बायकूला ह्यातलं कायबी ठावं न्हाय."

"ठावं कसं न्हाय?" विठाबाई चुलीपुढनं कडाडली. "शिडी कोण धरत हुतं मग?"

खाकीवाला शिडीनं वर गेला. वरून लागोपाठ चार शिंका ऐकू आल्या. खाली आला तो डोळे पुसत, हातात एक पान. "निपाणीचा माल हाय. परवाना कुठाय?"

"कसला परवाना?" आकारामनं विचारलं.

"तंबाखूचा, आनि कसला? एवढी पानं घरात ठेवायला परवाना लागतोय. म्या तंबाखू खात्याचा इन्स्पेक्टर."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. वह्यांसाठी कुणी आलंच नव्हतं. मला हसू आणि रडू एकदम आलं आणि दोन्ही दाबायला मी पदर शोधू लागलो. अंगात सदरा होता हे विसरूनच गेलो.

इन्स्पेक्टरचं नाव त्र्यंबकराव, गडहिंग्लजकडचा माणूस. त्यानं एक वही खाली मागवली, उघडली, दोन पानं वाचली. मग हळूच म्हणाला, "ही सूरमंदिराची न्हवं? ती तर जाळली म्हणत्यात."

कौलावरचं पाणी तेवढं गळत होतं.

त्यानं वही मिटली. "हे बघा. पानं झाडून परड्यात पुरा. म्या तंबाखू बघितला न्हाय, वही बी बघितली न्हाय. समजलं?"

मी त्याच्या पाया पडायलाच वाकलो होतो. तेवढ्यात आकाराम म्हणाला, "न्हाय, साहेब. पंचनामा करा."

"अरे, येडा झालास काय?" मी ओरडलो.

"आक्का, पानं काढली की श्रावणापतूर वाळवी वर चढंल. त्यातनं चुगली करणारा आज तंबाखू म्हणाला, उद्या वह्या म्हणंल. मग काय करायचं?" तो इन्स्पेक्टरकडं वळला. आवाज लटपटत होता, पण शब्द एकेक करून नीट येत होते. "साहेब, तंबाखू ज्यात गावला ते बी जप्त करायला लागतंय. यादीत एकेका वहीचं नाव घाला. लाख लावून मोहर करा. म्या वीस वरसं दप्तर सांभाळलंय. जप्तीच्या मालाला हात लावायचा म्हंजी वरनं हुकूम लागतोय, आन् असला हुकूम लवकर येत न्हाय."

"आणि तुझी सही? जाळल्याच्या कागदावर तुझी सही हाय की न्हाय?"

"हाय."

"मग नोकरी जाईल."

आकारामनं कानाला हात लावला, चटका बसल्यासारखा काढला. "पेन्सिलीनंच लिवलीय न्हवं."

विठाबाईनं चुलीवरचा तवा उतरवला आणि कंदिलाची काच पुसायला घेतली, कारण काम लांबणार हे तिच्या लक्षात आलं होतं.

पंच म्हणून एक मी, दुसरा शेजारचा करीम. तंबोऱ्याला तारा चढवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. तो आला, सगळं बघितलं आणि माझ्या कानाशी लागला, "आक्का, नाटकात तुम्ही बेहोश पडत होता. आज खरोखर पडू नका, उचलायला कोण नाही."

एकेक वही निघाली. त्र्यंबकराव तारीख वाचायचा, शिपाई लिहायचा. एका वहीपाशी तो थबकला. "आक्का, ह्यात तुमचं नाव हाय. पहिली बैठक. 'आवाज दोनदा चिरकला. लोक बसून राहिले.'"

त्या बैठकीला तीन वन्समोअर मिळाले, असं मी आयुष्यभर सांगत आलो होतो. करीमनं माझ्याकडं पाहिलं आणि मोठ्या मनानं छताकडं बघू लागला.

शेवटी शिपाई पानं झाडायला लागला तेव्हा आकारामनं हात आडवा घातला. "पानं काढू नका, साहेब. मुद्देमाल हाय. जिथं गावला तिथंच ऱ्हाऊ द्या."

त्र्यंबकरावानं लाखेची कांडी कंदिलावर धरली. "लई हुशार हाईस की रं तू," म्हणाला, आणि पानांसकट मोहर लावली.

खटला उभा राहिला नाही. पण दहाव्या दिवशी पेन्सिलीचं नाव खोडलं गेलं. आकाराम एका छापखान्यात वह्या शिवायला लागला. दर सोमवारी तो जप्तीच्या कोठाराच्या गजांतून मोहरा शाबूत आहेत का ते बघून यायचा. पहारेकरी चेष्टा करायचे, "पावणं, आलासा का? पोरीला बघायला येतायसा जणू." एका पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा तो तीन दिवस तिथल्या पायरीवर छत्री धरून बसला. मी त्याला भाकरी नेऊन द्यायचो आणि रोज मनात म्हणायचो, आज तरी त्याचा चेहरा बघायचं धाडस व्हावं. पाणी दोन पायऱ्या खाली थांबलं.

वह्या सुटाव्यात म्हणून मी अर्ज लिहीत राहिलो. इतकी पाठांतरं केली आयुष्यात, पण त्या अर्जांचा मजकूर अजून तोंडपाठ आहे. छप्पन साली हुकूम आला: वह्या वाचनालयाला द्याव्यात.

ग्रंथपाल प्रमोदिनीबाईंनी मोहरा फोडल्या तेव्हा आकाराम भिंतीला टेकून उभा होता. सव्वीस रुमाल मोजले. वह्यांच्या एकाही पानाला भोक नव्हतं. बाईंनी वह्या कपाटात लावल्या, वाळलेला तंबाखू कागदावर झाडून पुडी बांधली आणि हसून पुढं केली. "आकाराम, ही तुमची. घेऊन जा."

आकाराम दोन पावलं मागं सरकला. कान लालबुंद.

"नको, बाई," तो म्हणाला. "परवाना न्हाय."