दुसरा कान

"माती खोटं बोलत नाय," हे खांब गावच्या गुणाजीचं ठरलेलं बोलणं. वालाच्या शेतात पोपटीसाठी, म्हणजे शेंगा मडक्यात भरून भाजायला, खड्डा खणताना त्याला जाड मडक्याचा कान सापडला. त्याने तो अंगठ्याने घासला.

"हे आपल्याकडचं नाय. आपल्या मडक्यात भाताचा कोंडा असतो, ह्यात काळी रेती हाय."

पोपटी खायला आलेला हर्षद पुरातत्त्वाचं एम.ए. करत होता. तो ताडकन उठला. "काका, रोमहून आलेल्या दारूच्या रांजणाचा कान हा! माझ्या प्रबंधात पहिलं नाव तुमचं."

दोन हिवाळे गुणाजीने त्याला बांधाबांधाने फिरवलं, घरी जेवू घातलं.

पेणला हर्षदचं व्याख्यान होतं. गुणाजी धुतलेला सदरा घालून गेला. त्याच रांजणाचा दुसरा कान आता त्याला सापडला होता. सगळ्यांसमोर हर्षदच्या हाती द्यायचा म्हणून त्याने तो पंच्यात बांधून आणला होता.

हर्षद माईकवर म्हणाला, "काळी रेती पाहून मी ओळखलं. गाववाल्यांना ते साधं खापर वाटत होतं."

टाळ्या पडल्या. कुणीतरी विचारलं, "दुसरा कान?"

"नाही मिळाला."

गुणाजी उठला. "मिळंल की, साहेब. तुम्हाला काळी रेती कळते न्हवं?"

पंच्याची गाठ न सोडता तो दाराबाहेर पडला. त्या गाठोड्याचा कानासारखा बाक ओळखून हर्षद माईक तसाच सोडून व्यासपीठावरून उतरला.