वहिनीचं ‘त्यात काय एवढं!’

माझ्या वहिनीचं कौतुक करणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. इंजिनिअरिंगला पहिली आली, तर म्हणे पेपर सोपा होता. घर बांधताना ठेकेदाराची लबाडी पकडली, तर ‘त्यात काय एवढं!’ मला अस्सा राग येतो!

तिचा कारखाना लहान, ऑपरेशनची उपकरणं निर्जंतुक करणारी यंत्रं बनवणारा. पोटात घालून बघायची ती लांब, बारीक नळी असते ना, तिच्या आतले जंतू मरता मरत नसत. सगळे औषधाची वाफ वाढवत होते. वहिनीने कमी केली. जास्त वाफेचं नळीच्या तोंडाशीच पाणी होतं, हे तिने ताडलं. मग थोडी थोडी, थांबून थांबून सोडली. नळी पार टोकापर्यंत स्वच्छ! त्याचं पेटंट मिळालं आणि त्याच्या जोरावर कारखाना उभा राहिला.

मग एक बडी कंपनी उठली. म्हणे यात शोध कसला, या धंद्यातल्या कुणालाही सहज सुचेल, पेटंट रद्द करा. रद्द झालं की तसली यंत्रं ते बनवणार आणि वहिनीच्या कारखान्याला टाळं.

पेटंट ऑफिसातल्या सुनावणीला मी मागे बसले होते. कंपनीचा वकील, मेला गोडबोल्या, हसत म्हणाला, “मॅडम, कमाल केलीत हं!”

“छे हो, त्यात काय एवढं!” वहिनी लाजली. “कुणालाही सुचलं असतं.”

झालं! त्याने लगेच ते वाक्य नोंदवून घ्यायला सांगितलं. आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. “हे तुमचं खरं मत समजू?”

वहिनी पांढरीफटक पडली. मग उठून उभी राहिली.

“नाही. खोटं बोलले मी. कुणी वाखाणलं की असंच म्हणायचं, हे अंगवळणी पडलंय. यांच्याकडे मोठमोठे लोक आहेत. सुचलं असतं, तर वाफ वाढवत कशाला गेले असते? मी कमी करायला निघाले तेव्हा सगळे हसले, आमचेसुद्धा. कुणालाही नाही सुचलं. मला सुचलं.”

मी टाळी वाजवणारच होते, पण शिपायाने डोळे वटारले. काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

पुढे निकाल आमच्या बाजूने लागला. पण त्या दिवशी काहीच ठरलेलं नव्हतं, तरी बाहेर जिन्यात वहिनी माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

“अगं, इतकं छान बोललीस, रडतेस काय?”

“हे मी स्वतःलासुद्धा कधी म्हटलं नव्हतं गं,” ती म्हणाली.