चेहरा दिसत नाही ना?

स्क्रीनवर माझ्या आईचे पाय होते.

नायगावच्या सायबर कॅफेत, भर दुपारी. टाचांना खोल भेगा. पिंडऱ्यांवर मिठाच्या पाण्याने पडलेल्या जखमा. लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलेला हात. त्या हाताच्या अंगठ्याला नख नाही. लहानपणी विळ्याने गेलं ते. फोटोखाली लिहिलेलं, ‘मिठागर स्पेशल. पेडिक्युअर कोण करणार?’ आणि त्याखाली माझ्या वर्गातल्या मुलामुलींचं खिदळणं.

मेडिकलचं तिसरं वर्ष होतं. तेव्हा आम्हा सगळ्यांची एकाच साइटवर प्रोफाइलं असायची. एकमेकांना स्क्रॅप, म्हणजे दोन ओळींचे निरोप, टाकायचो. फोटो टाकला होता सानिकाने. माझी मैत्रीण. आईवडील दोघं डॉक्टर. जूचंद्रला आमच्या घरी येऊन आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी मागून मागून खाल्लेली. ‘काकू, पाय दाखवायला आमच्या हॉस्पिटलला या, मी असते ना,’ असं तिनेच आईला सांगितलं होतं. त्या दिवशी माझी ड्यूटी दुसऱ्या वॉर्डात होती. आई तिच्या भरवशावर स्किनच्या ओपीडीत गेली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मी रडले नाही. तशीच तो अल्बम मागे मागे बघत गेले. ‘ओपीडीतले नमुने’ असं त्याचं नाव. आईच्या आधी एक म्हातारा होता. जव्हारकडून आलेला, सलाइनच्या बाटलीला हात जोडून बसलेला. त्याच्याखाली एक कॉमेंट होती. ‘अगं, मेले हसून!’

ती माझी होती.

मिठागरवालीची पोर मी. तो म्हातारा कुणाचा तरी बाप असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांच्यातली एक व्हायची इतकी घाई झाली होती मला. मी सगळ्या पानांच्या प्रिंट काढल्या. माझ्या कॉमेंटचीही काढली.

दुसऱ्या दिवशी सानिकाला कॅन्टीनमध्ये गाठलं. चहा ढवळत ती म्हणाली, ‘चेहरा दिसत नाही ना? नाव पण नाही टाकलं. तू गप्प बसलीस तर कुणाला कळणार पण नाही, यार.’

म्हणजे लाज मलाच वाटायला हवी. अळीमिळी गुपचिळी. आणि खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं. वर्गात मी नुसती ‘वसईची’ होते. मिठागराचं नाव मी कधी काढलंच नव्हतं.

संध्याकाळी परत कॅफेत गेले. फोटोखाली लिहिलं, ‘हे पाय माझ्या आईचे आहेत. ती मिठागरात राबते म्हणून मी तुमच्या शेजारच्या बाकावर बसते.’ सकाळी अल्बम गायब झाला होता. कॅन्टीनच्या टेबलावर मला कुणी जागा दिली नाही.

मी अर्ज लिहिला. प्रिंट जोडल्या. हसणाऱ्यांची नावं घातली, पहिलं माझं. विभागप्रमुख सरांनी वाचून बाजूला ठेवला. म्हणाले, ‘वेबसाइटबद्दल कॉलेजचा काही नियम नाही. सॉरी म्हणाली ना ती? चांगल्या घरातली मुलगी आहे. मागे घे.’

चांगल्या घरातली! मग आमचं घर कसलं?

सगळ्यात जड गेलं ते आईला सांगणं. ती तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

‘मना वाटला, दवापान्यासाठी फोटू घेते ती,’ आई म्हणाली. ‘तुजी मैतरीन, म्हनून लुगरा वर धरला. परक्यापुढं धरला असता काय मी?’

मी तांदळाचं सूप माझ्याकडे ओढलं आणि खडे वेचायला लागले. मग तीच म्हणाली, ‘जाऊ दे आता. मोठी मानसा हायत ती. तुजा नुसकान करतील.’

करतील. मला माहीत होतं. पण पेशंट आपल्यासमोर अंगावरचं कापड बाजूला करतो, ते भरवशावर. त्या भरवशाचा सानिकाने तमाशा केला आणि त्याआधी मी टाळ्या पिटल्या होत्या. तो म्हातारा मला आता सापडायचा नाही. त्याची माफी मागायची राहिली, ती राहिलीच. पण यापुढे माझ्यासमोर कुणी पेशंटवर कॅमेरा धरला, तर मी विचारणार. कशासाठी? त्याला विचारलंस का? समोर मैत्रीण असो नाहीतर सर असोत.

सोमवारी सरांनी पुन्हा बोलावलं. अर्ज मागे घेत असल्याचा कागद टाइप करून तयार होता. खाली माझ्या नावापुढे रिकामी जागा. त्यांनी पेन पुढे केलं.

‘वर्षअखेरची तोंडी परीक्षा मीच घेणार आहे, लक्षात आहे ना?’

‘घ्या सर,’ मी म्हटलं. ‘सही मिळणार नाही.’