बोटाला कळलं पाहिजे

कुठलीही नवी वस्तू हातात आली की ते आधी डोळे मिटायचे. पेन असो, छत्री असो, चहाचा नवा कप असो. तळव्यावर तोलायचे, बोटांनी चाचपायचे आणि मग निकाल द्यायचे, "चालेल." नाहीतर तोंड वाकडं करून म्हणायचे, "नाय बाय, ह्यात काय दम नाय. बोटाला कळलं पाहिजे."

बाय म्हणजे मी. प्रभादेवीला एका जुन्या इमारतीत आर्किटेक्टचं ऑफिस होतं, तिथे मी नकाशे काढत असे. त्यांचं टेबल माझ्या शेजारी. वयाने माझ्या वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना काका म्हणायची. मूळचे मालवणकडचे, राहायला डिलाईल रोडच्या चाळीत. तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल बघा, सगळ्यांच्या आधी येणारा आणि आपलं टेबल आपणच पुसणारा. पुसून झाल्यावर फडकं धुऊन खिडकीत वाळत घातल्याशिवाय तो माणूस खुर्चीला टेकायचा नाही.

बोलायचे ते ओरडूनच. आधी ते एका गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसात होते आणि ते ऑफिस साचेखात्याला लागून. लाकडी भिंतीपलीकडे दिवसभर मागांचा खडखडाट. "कान तिथेच ठेवून आलो," असं ते सांगायचे. "काका, हळू बोला, साहेब फोनवर आहेत," असं मी खुणेने सांगितलं की त्याहून मोठ्याने विचारायचे, "काय? माझा फोन आलाय?"

गिरण्यांच्या संपाबद्दल मात्र ते बोलत नसत. गिरणी बंद पडल्यावर कित्येक वर्षं घरीच होते, मध्ये कुठेतरी वॉचमनकी केली, घर काकूंच्या जेवणाच्या डब्यांवर चाललं, एवढंच तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. कोणी जास्त खोदून विचारलं तर उत्तर ठरलेलं. "वाटायचं तेवढं वाटून झालं. आता काय वाटत नाय." हे ते चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणायचे. बिस्किट कधी चहात पडायचं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातला कप खाली ठेवला होता. पुढे मलाही सवय झाली.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आले. ड्रॉइंग बोर्ड एकेक करून गच्चीच्या जिन्यात जाऊन पडले आणि साहेबांनी सगळ्यांना कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायला, शिकायला बसवलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण बोलायला रोखठोक. "दिवाळीपर्यंत जमलं तर उत्तम. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल," त्यांनी काकांकडे न बघता सांगितलं. काकांना ते ऐकू गेलं. जे ऐकू जायला नको ते त्यांना नेमकं ऐकू जायचं.

काकांनी कमांड पाठ केल्या, अगदी पाढ्यांसारख्या. अडलं ते माऊसपाशी. सुरुवातीला ते माऊस पेनासारखा उचलून धरायचे, ती खोड चार दिवसांत गेली. खरी अडचण वेगळीच होती. साखरेच्या दुखण्याने त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर होत चालली होती. ऑफिसातले माऊस हलके आणि बटणं लोण्यासारखी. तुम्ही-आम्ही बटण दाबतो तेव्हा टक् असा आवाज होतो, बोटाला बारीक धक्का बसतो, म्हणून आपल्याला कळतं की दाबलं गेलं. त्यांना आवाजही ऐकू येत नव्हता आणि धक्काही कळत नव्हता. मग ते पुन्हा दाबायचे. एका भिंतीच्या दोन भिंती व्हायच्या, एका दारावर दुसरं दार चढायचं.

"असू दे काका, एखादं दार जास्त असलेलं बरं," मी गंमत केली.

ते हसले नाहीत. "बाय, एकदा घरी बसलोय मी," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच हळू होता. "परत नाय बसवणार."

त्या शनिवारी मी त्यांना घेऊन लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानदाराने काचेवर माऊस मांडले, काळे, पांढरे, एक तर चक्क निळा. काकांनी डोळे मिटले आणि एकेक हातात घेऊन दाबायला लागले. दाबायचे, थांबायचे, मान हलवायचे. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. दुकानदार वैतागला.

"काका, माऊस घेताय की पापलेट?"

हे मी त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं. "पापलेट परवडलं," काका ओरडून म्हणाले. "त्याचे कल्ले उघडून तरी बघता येतात." अख्खं दुकान हसलं.

चार-पाच दुकानं झाली. शेवटच्या दुकानात दाराशी एक खोका होता, त्यात जुन्या कॉम्प्युटरचे काढलेले माऊस वायरीसकट गुंतून पडले होते. काकांनी आत हात घालून एक उपसला. पिवळा पडलेला, जड, तीन बटणांचा. मी दाबून पाहिलं तर माझं बोट दुखलं. त्यांनी डोळे मिटून मधलं बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता हा माणूस रडणार. पण ते नुसतंच म्हणाले, "हा बोलतो."

"भंगारातला आहे हो तो," दुकानदार म्हणाला.

"मग आमचं जमेल," काका म्हणाले.

आणि जमलं. दसऱ्याच्या आत त्यांचा नकाशा माझ्याइतका साफ यायला लागला. साहेबांनी दिवाळीची गोष्ट पुन्हा काढली नाही. आमच्यात मिठाई वगैरे कोणी वाटली नाही, पण काका त्या दिवशी दुसरा चहा प्यायले.

खंडेनवमीला त्यांनी आपल्या माऊसबरोबर साहेबांच्याही माऊसची पूजा केली. साहेबांनी सकाळी कॉम्प्युटर लावला तर पडद्यावरचा बाण जागचा हलेना. शोधाशोध झाली. शेवटी मी माऊस उलटा केला तर आतला गोळा हळदीकुंकवाने माखलेला.

"काका, हे काय?"

"जे फिरतं त्याला कुंकू," ते शांतपणे म्हणाले. "साचेखात्याचा रिवाज आहे."

बेसिनपाशी उभे राहून त्यांनी तो गोळा धुतला आणि शर्टाला पुसला. तेव्हाच कधी नव्हे ते बोलले. गिरणीत खंडेनवमीला प्रत्येक मागाला झेंडूचा हार असायचा. संपानंतर ते दर खंडेनवमीला बंद गेटपाशी जात आणि कुलपात झेंडूचं एक फूल अडकवून येत. "आत जाता येत नाय, मग कुलूप तर कुलूप."

पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे एका गिरणीच्या जमिनीचं काम आलं. तिथे टॉवर व्हायचे होते, म्हणून नकाशातून आधी जुन्या शेड पुसायच्या होत्या. साहेबांनी ते काम काकांना दिलं. काका कुठल्या गिरणीतले हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मी कोपऱ्यात काकांच्याच गिरणीचं नाव वाचलं आणि उठून त्यांच्यापाशी गेले.

"हे मी करते. तुम्ही माझं घ्या."

"कशाला? वाटायचं ते वाटून झालंय."

त्यांनी साचेखात्याभोवती चौकट ओढली. रेषा तुटक दिसायला लागल्या. त्यांनी बटण दाबलं आणि शेड गेली, बाजूची ड्रॉइंग ऑफिसची ती लहानशी खोलीही गेली. ते पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बटण पुन्हा दाबलं. आणखी एकदा दाबलं.

"बाय, झालं काय? बोटाला कळलं नाय."

"झालं, काका."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली आणि चौकट पुढच्या शेडभोवती ओढली. चार वाजता आम्ही चहा घेतला. ते बिस्किट बुडवून धरून बसले आणि ते तुटून चहात पडलं. त्यांनी ते चमच्याने काढून खाल्लं. मला वाईट वाटायला हवं होतं. तेव्हा काहीच वाटलं नाही, आणि त्याचंच मला आज वाईट वाटतं.

त्या वर्षी खंडेनवमीला ते हातात एकच फूल घेऊन आले. "गेट काढलं गो," ते म्हणाले. "पत्रे मारलेत. आता कुठे लावू?" मग त्यांनी ते माऊसवर ठेवलं आणि वायरीत देठ खोचला, पडू नये म्हणून. कुंकू त्यांनी आणलंच नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. माऊस मी काकूंकडे नेऊन दिला तर त्या म्हणाल्या, "मी ह्याचं काय करू? तुझ्याकडेच ठेव." आता तो कुठल्याच कॉम्प्युटरला लागत नाही. मी खंडेनवमीला त्याच्या गोळ्याला कुंकू लावते. मग डोळे मिटते आणि मधलं बटण एकदा दाबते. ते अजून तितकंच कडक आहे. माझ्या बोटाला स्पष्ट कळतं.