शिंपीकाकांचा डावा डोळा

शिंपीकाका माझ्या लक्षात राहिले ते माझ्या पांढऱ्या शर्टामुळे. तो त्यांनी पिवळ्या दोऱ्याने शिवला होता.

“पांढराच आहे की, गुरुजी!” ते ठामपणे म्हणाले.

“मोतीबिंदू पिकलाय, पण ऐकतील तर शपथ!” काकू आतून कडाडल्या.

“ऑपरेशन बिघडलं आणि दुकान बसलं तर?”

“गिऱ्हाईकं तशीही पळतायत!”

अखेर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर काकांनी एकेक डोळा झाकून दोऱ्याची रिळं पाहिली आणि कपाळाला हात लावला. “अहो, अर्ध्या गल्लीला मी पिवळं शिवलंय!”

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. तोवर दोरा निवडताना काका तो मिटून घेतात, आणि समोर गिऱ्हाईक बाई असली, की काकू शेजारी येऊन बसतात.