मामांचा बर्फ

माझ्या मामेसासऱ्यांइतका बर्फावर जीव असलेला माणूस पारनेर तालुक्यातच काय, हिमालयातसुद्धा सापडायचा नाही. त्यांची उभी हयात गावच्या दूध डेअरीत गेली. एका उन्हाळ्यात टेम्पो वाटेत बंद पडला, गावाचं सगळं दूध नासलं आणि तेव्हापासून उन्हावरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. विड्याची पानं, मलमं, दाढीचं ब्लेड, सगळं फ्रिजमध्ये. एकदा तापलेला मोबाईलही मेथीच्या जुडीखाली ठेवला होता. तो वाजला तेव्हा मामींनी फ्रिजमध्येच तोंड घालून ‘ते रानात गेल्यात’ असं सांगितलं. आमच्या लग्नात भाचीच्या पाठीशी मामा म्हणून उभे राहिले, तर मुंडावळ्या सावरायच्या निमित्तानं हिच्या मानेवर बर्फ फिरवत होते. मंगलाष्टकं संपेपर्यंत ही शहारत होती आणि मला आपलं वाटलं, पोरीला माझी भीती वाटतेय.

अशा माणसाच्या हाती गेल्या उन्हाळ्यात माझा जीव सोपवला गेला. रक्तात नको त्या पेशी दिसल्या म्हणून नगरच्या डॉक्टरांनी माझ्या कमरेच्या हाडातून मगज काढला. ब्लड कॅन्सर जवळपास नक्की होता, पण तो कुठल्या प्रकारचा हे कळल्याशिवाय औषध सुरू करता येईना. ते पुण्याच्या लॅबमधलं फ्लो सायटोमेट्रीचं मशीन सांगणार होतं. पेशींना चमकणारे रंग चिकटवायचे, एकेकीला लेसरच्या उजेडापुढून सोडायचं आणि कोण कशी चमकते त्यावरून तिचं कूळ ओळखायचं. मामा म्हणाले, ‘म्हंजी आमचं डेअरीतलं दुधाचं फॅट लावायचं मशीनच की,’ आणि सॅम्पल न्यायला तेच पुढे झाले. पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत, बर्फात अजिबात ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. मामांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी लॅबचा फोन आला. पेशी मेलेल्या होत्या, नवं सॅम्पल पाठवा. वाटेत सुप्याला चहासाठी उतरल्यावर रणरणतं ऊन बघून मामांचा धीर सुटला होता. रसवंतीवरचा बर्फ घेऊन त्यांनी सॅम्पलची नळी त्यात खोचली होती.

मी नाही नाही ते बोललो त्यांना. पुन्हा ती सुई, पुन्हा तेच हाड, आणि इकडे ताप उतरेना, हिरड्यांतून रक्त थांबेना. एकेक दिवस हातचा जात होता. मामा दाराशी खाली मान घालून उभे होते, आणि माझं अंग तापलेलं असूनही बर्फाचं नाव काढत नव्हते.

दुसरं सॅम्पल निघालं तेव्हा माझा भाऊ गाडी घेऊन तयार होता. मामा दारातून हलेनात.

“लग्नात हिच्या मागं मीच हुतो,” ते म्हणाले. “आता बी मलाच जाऊ द्या, जावईबापू.”

मला स्पष्ट नाही म्हणायचं होतं. त्याआधीच ही उठली आणि नळीची डबी तिनं मामांच्या हातात ठेवली. गाडी गेली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. पुन्हा पेशी मेल्या, तर तिसऱ्यांदा थांबायला अंगात रक्त उरेल की नाही, हेच डोक्यात घोळत होतं.

भावाकडून पुढचं कळलं. मामांनी सुप्याला गाडी थांबवू दिली नाही. एक हात डबीवर, आणि तोंडानं ‘एसी लावा’, ‘आता बंद करा’, ‘जरा लावा’, असं पुण्यापर्यंत. भाऊ रडकुंडीला आला. शिरूरच्या पुढे मामा डबीशी हळूच बोलायला लागले, ‘जित्त्या ऱ्हावा गं बायांनो.’

त्या जिवंत राहिल्या. मशीननं कूळ सांगितलं, औषध असलेलं निघालं, आणि मी आज हे लिहितोय.

मामा आता थकलेत, हात कापतात. आम्ही गेलो की सगळ्यांना फ्रिजमधलं पाणी मिळतं. माझा तांब्या मात्र ते दोन्ही हातांत धरून बसतात आणि गारठा पुरता गेला की मगच पुढे करतात. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. घशाला कोरड पडलेली असते, गार पाण्यासाठी जीव नुसता तळमळतो, पण मागायचं धाडस होत नाही. मी ते कोमट पाणी सगळं पितो आणि आणखी मागतो.