उघड्या पाठीची फळी

कळंबात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. मराठवाडा महाराष्ट्रात येऊन चार-सहा वर्षं झाली असतील. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या घरी संध्याकाळी निम्मी गल्ली. आमच्याकडं बापय माणसं सोप्यात बसायची, बाया माजघरात. मधली भिंत पांढऱ्या मातीची, दोन हात जाड. तिच्यातल्या दारात, चौकटीला पाठ लावून उंबऱ्यावर माझी थोरली बहीण बसायची. तिला सगळे आक्का म्हणत. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. आक्का तेराव्या वर्षीच विधवा होऊन माहेरी आलेली, तिनंच मला कडेवर वाढवलं.

पुढं आक्काचे कान मंद झाले. रेडिओचा तो एकुलता एक स्पीकर नुसता घुमायचा. तिला आवाज यायचा, पण शब्द उमगायचे न्हाईत. "आरं, काय म्हणला बुवा?" असं ती विचारायची, आणि मी सांगेस्तोवर बुवा पुढच्या कडव्यावर गेलेला असायचा. संध्याकाळचं भजन आक्काला अक्षर न् अक्षर ऐकवायचंच, असा मी चंग बांधला. बायको म्हणायची, ह्यांच्या डोक्यात किडा शिरला की ह्यांना जेवणाची शुद्ध राहत न्हाई. खोटं न्हवतं ते.

एका जुन्या इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं. एका मोठ्या स्पीकरऐवजी लहान लहान स्पीकर एकाखाली एक उभ्या ओळीत लावले, तर आवाज छताला आणि भुईला वाया जात न्हाई, सरळ समोर जातो. त्यांना मागं पेटी केली न्हाई तर तो घुमतही न्हाई. मेलेल्या रेडिओंमधले आठ स्पीकर दुकानात धूळ खात पडलेच होते. एका आडत दुकानाच्या दाराची जुनी सागवानी फळी मिळाली, चांगली पुरुषभर उंच. ती घेऊन गेलो आमच्या सुतारचाचांकडं.

"आठ भोकं?" चाचा म्हणाले. "सागाची चाळणी करताय का हो? आन् मागं डबा न्हाय?"

"मागं मोकळंच ठेवायचं, चाचा. स्पीकरचा कागद पुढं हवा ढकलतो तेव्हाच मागं ओढतो. दोन्ही अंगाला सारखा आवाज. फळी दारात उभी केली की पुढं बापय ऐकतील, मागं बाया."

"म्हंजे पडद्याची सोय झाली की! या अल्ला, मशीन लई शहाणं हाय तुमचं," म्हणून चाचा पटाशी घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी आठही भोकं अशी गोल पाडून दिली की बोट फिरवत राहावं.

मी एकेका स्पीकरच्या तारांना सेल टेकवून बघायचो. कागद पुढं उडाला की सेलच्या टोपीकडच्या तारेला बायकोच्या करंड्यातलं कुंकू लावायचो. एक जरी उलटा जोडला तर तो बाकीच्यांचा आवाज खातो, म्हणून सगळी कुंकवाची टोकं एका अंगाला. बायको म्हणाली, "देवाला कधी लावलं न्हाई एवढं कुंकू!"

पहिल्या संध्याकाळी फळी दारात, आक्कासमोरच्या चौकटीजवळ उभी केली, तशी सोप्यातली माणसं माना डोलवायला लागली. झांजेचा किणकिणाट वेगळा, शब्द वेगळा. आतून बायाही वाहवा करू लागल्या. मी आक्काकडं बघितलं. "येतंय का ऐकू?"

"येतंय की," ती हसली. "लई ग्वाड."

महिनाभर मी रोज विचारलं आणि रोज तिनं हेच सांगितलं. मी आपला हवेत.

मग एकदा भजन झालंच न्हाई. त्याऐवजी कुणी साहेब ज्वारीवरच्या किडीबद्दल बोलले. संपल्यावर सवयीनं विचारलं, तर आक्का म्हणाली, "लई ग्वाड म्हणला आज बुवा."

माझं डोकंच फिरलं. चारचौघांत ओरडलो तिच्यावर. "ऐकू येत न्हाई तर सांगायला काय होतंय? कुणासाठी मरमर मेलो मी?" ती खाली बघत बसली. आज साठीला आलो, पण त्या ओरडण्याची लाज अजून गेलेली न्हाई. तिचे कान पुरतेच गेले असं धरून मी सोलापूरच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का शेतात गेली होती. फळीच्या खालच्या स्पीकरची तार सैल वाटली, म्हणून मी उंबऱ्यावर तिच्याच जागी टेकलो आणि बायकोला रेडिओ लावायला सांगितलं. कान देऊन बसलो. काहीच न्हाई.

"लाव की गं!"

"लावलाय की! चांगला वाजतोय," ती आतून म्हणाली.

मी उठून सोप्यात आलो. खणखणीत आवाज! परत उंबऱ्यावर बसलो, तर विहिरीच्या तळातून आल्यासारखी नुसती कुजबुज. फळीच्या धारेपाशी, म्हणजे उंबऱ्याकडं असलेल्या तिच्या उभ्या कडेच्या रेषेत, पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांना खात होते. मासिकात हेही लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं. पण त्या धारेला कोण बसतं, हे काही माझ्या ध्यानात आलं न्हाई. सोप्यात बापय, माजघरात सवाशिणी, आणि विधवेची जागा उंबऱ्यावर. जन्मल्यापासून बघत आलो होतो, म्हणून कधी दिसलंच न्हाई.

संध्याकाळी माणसं जमल्यावर मी फळी गरकन फिरवली. आठही स्पीकर आक्कासमोर. सोप्यातून आरडाओरडा सुरू झाला, "आवाज गेला हो!" मी म्हणालो, "जाऊ द्या."

आक्का दचकली. मग तिचे ओठ बुवाच्या शब्दांबरोबर हलायला लागले. डोळ्यांतून पाणी घळाघळा. भजन संपेस्तोवर ती हालली न्हाई. मी तिच्याजवळ बसून विचारलं, "महिनाभर गप का बसलीस गं? सांगायचं न्हाई का?"

"मला वाटलं," आक्का म्हणाली, "हितं बसणाऱ्याला ऐकू न्हाईच यायचं."